तीन घंट्यांचा नंबर

४ मार्च

प्रति,
माजी संस्थापक-सचिव

विषय : आपल्या नावे चालू असलेले संस्थेचे ईमेल खाते बंद करण्याबाबत.

महोदया,

आपणांस कळविण्यात येते की...

जाऊ दे. हे माझ्याच्यानं होणार नाही. मास्तर म्हणाले होते, "पत्र कार्यालयीन लिहा, म्हणजे निदान उत्तर तरी येईल." पण जिनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या तिला मी महोदया कुठल्या तोंडानं म्हणू?

ताई, काम थोडक्यात सांगते. आपल्याला सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्या देणगीदारांनी कळवलंय की कॉम्प्युटर आणि फोनचा खर्च अर्ध्यावर आणा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या देणगीचा विचार करावा लागेल. त्यांच्या भाषेत 'विचार करावा लागेल' म्हणजे काय ते तुला माहीत आहे. वर त्यांनी त्यांचाच एक सल्लागार पाठवला, कुठं कापायचं ते दाखवायला, आणि त्याची फी मात्र आपल्या खर्चात धरली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

माणूस तसा वाईट नाही. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "तुमची संस्था नक्की करते काय?" मी सांगितलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही रोज सकाळी फोन करतो. फोन मशीनच लावतं. आवाज रेकॉर्ड केलेला असतो. 'सुप्रभात. उठलात ना? सगळं ठीक असेल तर एक दाबा. कुणी यायला हवं असेल तर दोन दाबा.' एक दाबलं की त्यांचा दिवस सुरू. दोन दाबलं की आमचा माणूस निघतो. काहीच दाबलं नाही तर थोड्या वेळानं दुसरा फोन जातो, मग तिसरा. तिसऱ्यालाही उत्तर नसेल तर शेजाऱ्यांकडे ठेवलेली किल्ली घेऊन आम्ही दार उघडतो. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, "आवाज कुणाचा आहे?" मी म्हटलं, "आधी इथं होत्या त्यांचा."

मग आम्ही कापायला बसलो. ताई, तुला माझा स्वभाव माहीत आहे. तू मला चिक्कू म्हणायचीस ते उगाच नाही. मला त्यात मजाच आली. भाड्यानं घेतलेले तीन प्रिंटर निघाले, त्यातल्या एकावर चांगली दोन वर्षं कुंडी ठेवलेली होती. सोडून गेलेल्या माणसांची ईमेल खाती निघाली, वारलेल्या एका डॉक्टरांचंसुद्धा. दर महिन्याला आपण त्या प्रत्येकाचे पैसे भरतो आहोत. मेलेल्या माणसाच्या पत्रपेटीचं भाडं! त्यातलंच एक खातं तुझं. तुझ्या सहीशिवाय ते बंद होत नाही, कारण संस्था उघडताना सगळं तू तुझ्या नावावर घेतलंस. सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठव.

तुझ्या आवाजाचंही सांगून टाकते. जुनी फोन कंपनी वाजलेल्या प्रत्येक घंटेचे पैसे लावते. सल्लागारानं फुकटातली व्यवस्था शोधलीय, त्यात आवाज मशीनचाच असतो. एक एप्रिलपासून ती चालू होईल. मास्तर "आवाज राहिला असता तर" असं काहीतरी पुटपुटले, पण मास्तर कुंडीखालच्या प्रिंटरबद्दलही तसंच पुटपुटले होते. अध्यक्ष म्हणून सही त्यांनीच केली. तुझी हरकत नसेल असं धरून चालते.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, मी आपलं सांगितलं. गुडघा कुरकुरतो, ऐकायला थोडं कमी येतं. तुझा विषय आमच्याकडे निघत नाही.

धाकटी

१९ मार्च

ताई,

तुझं पाकीट मिळालं. फॉर्म मिळाला, सही मिळाली. मी पाकीट उलटं करून झटकलं. आत आणखी काही नव्हतं.

बरं, तुझी मर्जी. पण एक विचारते. बाबा गेले त्या दिवशी आई तुला जे बोलली ते मीही ऐकलं. कुठल्यातरी आजोबांनी दोन दाबलं होतं आणि तू निघाली होतीस. बाबांनी स्वतः तुला "जा, मी आहे" म्हटलं होतं. तू परत आलीस तेव्हा ते नव्हते. आई दारातच म्हणाली, "लोकांच्या म्हाताऱ्यांकडे धावतेस, घरच्याला पाणी पाजायला नव्हतीस. जा. तिकडेच जा." आणि तू खरंच गेलीस. कुणीही गेलं असतं. पण मी काय बोलले होते गं? मी तर स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडत होते. माझ्यावर कसला राग?

असो. तुझं खातं बंद केलं. जुन्या फोन कंपनीला कळवलं की आमचं साठवलेलं जुनं सगळं पुसून टाका, कारण जुन्या वस्तू साठवून ठेवायचेही ते पैसे घेतात. सल्लागार म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्यापेक्षा कडक आहात." मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू.

आता एक गंमत ऐक. जुन्या कंपनीची बिलं उपसताना एक नंबर सापडला. त्याला रोज तीन घंट्या जातात. पहिलीला फोन उचलला जातो, पण दाबत काहीच नाहीत. दुसरीला तेच. तिसरीला, अगदी आमचा माणूस निघणार एवढ्यात, एक. दररोज! आजारपण नाही, सुट्टी नाही, एक दिवसही चुकलेला नाही. बाकीची म्हातारी माणसं पहिल्याच घंटेला एक दाबून चहाला लागतात, आणि या एका महाभागासाठी आपण तिप्पट पैसे मोजतोय. मी त्याचं नाव 'तीन घंट्या' ठेवलंय. डोळ्यांपुढे एक खडूस म्हातारा येतो, बनियनवर बसलेला, संस्थेला खेळवणारा.

त्याच्या नोंदीत नाव नाही. नुसतं 'आजी/आजोबा, एकटे राहतात' एवढंच, आणि पत्त्याच्या जागी मास्तरांच्या अक्षरात 'मला विचारा'. मी विचारलं. मास्तर चष्मा पुसत बसले. म्हणाले, "असेल कुणी. हात सावकाश चालत असेल. राहू दे ना." मी म्हटलं, "मास्तर, दात कोरून पोट भरत नाही हे मलाही कळतं, पण हा दात नाही, सुळा आहे." ते हसले नाहीत.

एखाद्या दिवशी मीच फोन लावून त्याची हजेरी घेणार आहे. फुकटच्या व्यवस्थेतही असाच खेळ करायला लागला तर?

धाकटी

२२ मार्च

ताई,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

काल दुपारी मी घरी होते. आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. म्हटलं, आत्ता निवांत आहे तर 'तीन घंट्या'ला गाठू. काय काय बोलायचं ते मनाशी ठरवलं, घसा खाकरला आणि नंबर लावला. कानात रिंग जायला लागली. आणि घरातही कुठंतरी काहीतरी वाजायला लागलं.

मला आधी वाटलं शेजारचा फोन असेल. मी आवाज ऐकत ऐकत आईच्या खोलीत गेले. कपाटातून येत होता. मी दार उघडलं. खालच्या कप्प्यात, बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळलेला एक जुना बटणांचा फोन होता, आणि त्याच्या एवढ्याशा पडद्यावर माझाच नंबर दिसत होता. तो मी उचलला. एका कानाला माझा फोन, दुसऱ्या हातात तो. मी "हॅलो" म्हटलं आणि माझाच "हॅलो" मला ऐकू आला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांना हसायला वापरत होते.

ताई, मी तिला मोठ्या पडद्याचा चांगला फोन घेऊन दिलाय. तो "मला नाही बाई जमत" म्हणून तिनं फडताळात टाकलाय. आणि हा? हा तिला जमतो. आईच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला तसा मी फोन पुन्हा मफलरमध्ये गुंडाळून ठेवला, चोरासारखा. तिला काही बोलले नाही. चहा केला. तिनं विचारलं, "चेहरा का असा पांढराफटक?" मी म्हटलं, "ऊन लागलं." घरात बसून ऊन लागलं!

आज सकाळी मी तिच्या दाराबाहेर उभी राहिले. एरवी त्या वेळी मी झोपलेली असते. फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिनं आवाज मोठा ठेवलाय, मला सगळं ऐकू येत होतं. तुझा आवाज त्या दारातून आला आणि मी चौकट धरली. ऑफिसात चाचणीसाठी तो मी हजारदा ऐकलाय, कधी काही वाटलं नाही. घरात तो ऐकला आणि वाटलं, तू आतच आहेस.

"उठलात ना?" तू विचारलंस.

"उठले गं," आई म्हणाली. "मेल्या गुडघ्यानंच उठवलं."

तू पुढचं सांगितलंस, एक दाबा, दोन दाबा. तिनं काहीच दाबलं नाही. फोन बंद झाला. ती बसून राहिली असावी, बांगडीचाही आवाज नाही. थोड्या वेळानं दुसरी घंटा.

"उठलात ना?"

"सांगितलं ना मघाशी. तुझी धाकटी झोपलीय अजून. पहाटेपर्यंत ते कापाकापीचं काम घेऊन बसते. वाळलीय नुसती. कुणाचं ऐकत नाही, तुझ्यावरच गेलीय."

मी दाराबाहेर तोंडावर हात दाबून उभी होते.

तिसरी घंटा झाली. "उठलात ना?" तू विचारलंस. आई म्हणाली, "तू जेवतेस ना गं वेळेवर?" आणि एक दाबलं.

तिला तीनदा तुझा आवाज हवा असतो, ताई. चौथी घंटा नसते म्हणून तिसरीला ती एक दाबते. तू गेलीस त्याच महिन्यातली नोंद आहे ती. मी तिला खडूस म्हातारा म्हटलं होतं.

मी मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "तुमच्या आईंनी मला शपथ घातली होती. म्हणाल्या, माझ्या धाकटीला कळलं तर ती आधी घंट्यांचे पैसे मोजेल." आई मला पुरती ओळखून आहे.

पण ताई, 'एकटे राहतात'? मी त्याच घरात आहे. माझी खोली तिच्या खोलीला लागून आहे. ही नोंद मास्तरांनी लिहिली, पण सांगितली तिनं. हे मी तुलाच सांगू शकते, म्हणजे दुसरं कुणीच नाही.

एक एप्रिलला तुझा आवाज बंद होणार आहे. काय करू ते लिही. नाहीतर फोन कर. माझा नंबर तोच आहे.

तुझी
धाकटी

२ एप्रिल

ताई,

तू काही लिहिलं नाहीस. मी आठवडाभर एकटीच धडपडले. आधी जुन्या कंपनीला फोन केला, म्हटलं, ते रेकॉर्डिंग तेवढं पाठवा. तिथल्या बाईंनी शांतपणे माझंच पत्र मला वाचून दाखवलं: 'साठवणुकीचा खर्च नको, जुने सर्व पुसून टाकावे.' त्यांनी पुसलं होतं, शेवटच्या दिवसांसाठी चालू होती ती एकच प्रत सोडून, आणि ती त्यांच्या मशीनमधून बाहेर काढता येत नव्हती. चाचणीच्या फोनवरून टिपून पाहिली तर नुसती खरखर आली. आपल्याकडे प्रत नाही. तुझ्या जुन्या ईमेलमध्ये होती म्हणे. ते खातं मीच बंद केलं आणि तेही पुसलं गेलं. सल्लागार म्हणाला, "करारावर सह्या झाल्यात, बाई. एक तारखेला बदल होणारच." मी नको म्हटलं असतं तर देणगी गेली असती, आणि मग कुणालाच सकाळचा फोन गेला नसता. सगळीकडून दार मीच लावून घेतलं होतं.

आईला आधी सांगायला हवं होतं. रोज ठरवत होते. सांगायचं म्हणजे मला कळलंय हेही सांगायचं, आणि तिथं जीभ उचलत नव्हती.

काल सकाळी मी ऑफिसात होते. मशीनचा आवाज गेला. गोड आहे, गुळगुळीत आहे, श्वास घ्यायला कुठं थांबत नाही. आणि ताई, पडद्यावर एकामागून एक नंबर लाल व्हायला लागले. कुणी एक दाबेचना! मला वाटलं व्यवस्था बंद पडली. मग ऑफिसचे फोन वाजायला लागले. म्हातारी माणसं स्वतःहून फोन करत होती. मला वाटलं ती तक्रार करतील, बँकेची फसवणूक समजून ओरडतील. त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारत होता: "रोजची मुलगी कुठं गेली? तिला काही झालं का? ती ठीक आहे ना?"

एक आजोबा रडत होते. आपण त्यांची चौकशी करतो असं मी समजत होते, आणि इथं सगळी मिळून तुझी चौकशी करत होती. मी प्रत्येकाला सांगत होते, "ती बरी आहे, आजोबा. ती बरी आहे, आजी." सांगता सांगता लक्षात आलं की मला तरी कुठं माहीत आहे?

मग तो नंबर. पहिली घंटा, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी. मी पडद्याला नाक लावून बसले होते. काहीच नाही. नोंद लाल झाली. मास्तरांनी गुपचूप एका चिठ्ठीवर पत्ता लिहून कंडक्टरकाकांना दिला. तू त्यांना ओळखत नाहीस, तू गेल्यावर आले, बसच्या नोकरीतून निवृत्त झालेत, आता दारं उघडायचं काम करतात. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तर तुमचंच घर ना?" मी म्हटलं, "हो. चला लवकर." त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी माझ्याच घरी तपासणीला गेले.

आई पलंगावर बसली होती. केस मोकळे, फोन मांडीवर. माझ्यामागे कंडक्टरकाका दिसले तशी ती उभी राहिली. तिचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता, बाबांच्या वेळीही नाही. ती म्हणाली, "खरं सांग. ताई गेली का?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"लपवू नकोस," ती म्हणाली. "तिचा आवाज काढून टाकलाय. माणूस गेल्याशिवाय आवाज काढतं का कुणी?"

"नाही गं आई, ती आहे," मी म्हटलं. "ती बरी आहे. आवाज मी काढला. खर्च वाचवायला."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. कंडक्टरकाका बिचारे पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. मग तिनंच मला जवळ ओढलं आणि माझ्या केसांत तोंड घालून विचारलं, "किती वाचले?" ताई, रोज सगळ्यांना फुशारकीनं सांगत फिरत होते तो आकडा, पण काल तो सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

कंडक्टरकाका गेल्यावर मी तिला विचारलंच. म्हटलं, "मी इथं असताना तू एकटी कशी?" ती म्हणाली, "तू असतेस की. गोळी घेतली का विचारतेस, दार लावलं का विचारतेस. चांगली आहेस तू. पण सकाळी 'उठलीस ना' असं घरात तुझे बाबा विचारायचे आणि ती विचारायची. दोघंही एकदमच गेली." खरंच मी कधी विचारलं नाही. तिच्यापेक्षा उशिरा उठणारी मी.

मी म्हटलं, "मग बोलाव की तिला. नंबर लावून देते." ती म्हणाली, "मी तिला जा म्हटलं होतं. आता ये म्हणायला तोंड कुठून आणू?"

आता नीट ऐक. आज सल्लागार आला होता. कालचा गोंधळ पाहून त्याचाही चेहरा उतरला होता. त्यानं फुकटची व्यवस्था पुन्हा उघडली आणि म्हणाला, "बाई, इथं एक चौकोन आहे. स्वतःचा आवाज टाकता येतो. त्याचे पैसे नाहीत." म्हणजे खर्चही वाचला असता आणि आवाजही राहिला असता. तो चौकोन आमच्यापैकी कुणी उघडून पाहिला नाही. मी कात्री घेऊन बसले होते, मला कापण्यापलीकडे काही दिसतच नव्हतं.

चार वाक्यं आहेत, तुला पाठ असतील. आपल्या फोनमध्ये बोल आणि ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. आईशीही नको. त्या म्हाताऱ्या माणसांसाठी तरी पाठव, ती सगळी तुझ्यासाठी घाबरलीत. मी हात जोडते.

चिक्कू

१८ एप्रिल

ताई,

तुझं रेकॉर्डिंग मास्तरांच्या नावानं आलं. सोबत काही लिहिलेलं नव्हतं, पण आता मला त्याची सवय झालीय. मास्तरांनी, कंडक्टरकाकांनी आणि मी, तिघांनी दार लावून ऐकलं. आवाज जाड झालाय तुझा. 'उठलात ना'च्या आधी तू थांबलीस. आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथं थांबली नव्हतीस, मला पाठ आहे. त्या थांबण्यात काय होतं ते तू कधी सांगितलं नाहीस तरी चालेल. मास्तर चष्मा पुसायला बाहेर गेले.

ते काल सकाळी लावलं. आईला मी सांगितलं नव्हतं. हल्ली मी लवकर उठते आणि ऑफिसला निघायच्या आधी तिच्या दारात उभी राहून विचारते, "उठलीस ना?" ती पहिल्या दिवशी म्हणाली, "हे काय नवीन?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "उठले गं." काल मी तेवढं विचारून निघाले आणि ऑफिसात पडद्यासमोर जाऊन बसले.

पहिल्या घंटेला सगळीकडे हिरवंच हिरवं. त्या रडलेल्या आजोबांनी तर चारदा एक दाबलं, एकदा पुरतं हे त्यांना समजावून सांगावं लागलं. फक्त आईचा नंबर तसाच. मला धस्स झालं नाही, मला माहीत होतं. दुसरी घंटा. तसाच. मी मास्तरांना म्हटलं, "आता तिसरीला एक दाबेल." सल्लागार शेजारी बसला होता, त्यालाही कौतुकानं सांगितलं, हा आमचा तीन घंट्यांचा नंबर.

तिसऱ्या घंटेला आईनं दोन दाबलं.

ताई, इतक्या वर्षांत त्या नंबरावरून दोन कधी आलेलं नाही. मी खुर्ची मागे ढकलून उठले. तुझा नियम अजून भिंतीवर आहे, तुझ्याच अक्षरात: 'दोन दाबलं की का, कशाला विचारायचं नाही. निघायचं.' त्या नियमापायी तू बाबांच्या उशाशी नव्हतीस. त्या नियमापायी तू गेलीस. आणि आईला तो माझ्याइतकाच पाठ आहे. मी आणि कंडक्टरकाका निघालो. सिग्नलला मी देवाला आठवत होते आणि शिव्याही देत होते. गुडघा, छाती, न्हाणीघरातली ओली फरशी, काय काय डोळ्यांपुढे आलं.

दार उघडंच होतं. आई खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, धुतलेले कपडे घातलेले, बाबांचा मफलर खांद्यावर. तिला काही झालेलं नव्हतं. कंडक्टरकाका धापा टाकत म्हणाले, "आजी, काय हवंय? दोन दाबलंत."

"हो, दाबलं," ती म्हणाली. "पण तुम्हाला नाही बोलावलं. जिनं विचारलं तिला सांगितलं."

मी म्हटलं, "आई, ते रेकॉर्डिंग आहे गं. तिला ऐकू जात नाही."

"मला कळतं ते," ती म्हणाली. "मी म्हातारी आहे, खुळी नाही. तिनं विचारलं, कुणी यायला हवंय का. हवंय. तुझ्या त्या मशीनमध्ये नोंद झाली ना? मग ती तिला पाठव."

म्हणून पाठवतेय.

आमच्या व्यवस्थेत दोनची नोंद कुणीतरी जाऊन आल्याशिवाय मिटत नाही, लालच राहते. मास्तर म्हणाले, "तुम्ही घरी जाऊन आलात, मिटवा आता." मी मिटवलेली नाही. प्रत्येक नोंद कुणाच्या तरी नावावर टाकावी लागते, आणि त्यासाठी त्या माणसाचं संस्थेत खातं असावं लागतं. काल संध्याकाळी मी तुझं खातं पुन्हा उघडलं. सल्लागारानं भुवया उंचावल्या. मी म्हटलं, दर महिन्याचे पैसे माझ्या पगारातून कापा. आईचं दोन आता तुझ्या नावावर आहे. आता रोज सकाळी ऑफिस उघडलं की पहिलं तेच लाल दिसेल.

का, कशाला मी विचारणार नाही. निघताना फोनही करू नकोस, ती तिसऱ्या घंटेशिवाय उत्तर देत नाही. सरळ ये.

चिक्कू